टाळ्या नकोत, तालीम हवी

(दिव्यांग मुलांचे पालक आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषयाला हात घालण्यापूर्वी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या नगरात वार्षिक स्नेहमेळावा होता. वस्तीतील अभ्यासिकेत येणारा बारा-तेरा वर्षांचा एक दृष्टिहीन मुलगा तबला बरा वाजवतो, असे कोणीतरी सांगितले आणि त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत घालावे, ही सूचना मीच केली. तयारीसाठी चार दिवस होते. त्या दिवशी त्याने त्रितालातला एक कायदा वाजवला, शेवटी तिहाई घेतली आणि ती समेवर आली नाही; एक मात्रा अलीकडेच संपली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतील एका भगिनींनी डोळ्यांना पदर लावला. प्रमुख पाहुण्यांनी शाल आणि श्रीफळ दिले, छायाचित्र निघाले. मीही मनापासून टाळ्या वाजवीत होतो. कार्यक्रम आटोपल्यावर त्याला घरी सोडायला निघालो, तेव्हा स्कूटरवर माझ्या मागे बसलेला तो मुलगा म्हणाला, "काका, माझी सम चुकली होती. मग टाळ्या कसल्या वाजल्या?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आज आठवत नाही, आणि ते आठवण्याजोगेही नसणार. सम चुकल्याचे त्याला कळले होते, कारण तो वादक होता. आम्हांला ते कळले नव्हते, कारण आम्ही ऐकतच नव्हतो; आम्ही पाहत होतो. त्या टाळ्या त्याच्या डोळ्यांना होत्या, तबल्याला नव्हत्या. त्या रात्री घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, सेवेच्या नावाखाली आपण एका मुलाचा उपयोग करून घेतला आहे. मेळाव्याला आलेल्या तीनशे लोकांना आपण सहृदय असल्याचे समाधान मिळावे, एवढ्यासाठी तो व्यासपीठावर बसवला गेला होता.

आज मला जे सांगायचे आहे ते याच प्रश्नाभोवती आहे. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग आहेत. एकट्या महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार. ही संख्या कमीच असावी, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात, आणि ज्यांनी घरोघर संपर्क केला आहे त्यांना त्याचे कारणही ठाऊक आहे. मुलाची नोंद लपवणारी घरे आजही आहेत. या मोठ्या समाजासाठी शिक्षण, उपचार, कृत्रिम अवयव, रोजगार यांचा विचार अपुरा का होईना, होऊ लागला आहे. पण गाणे, नाट्य, नृत्य, चित्र यांचा विषय निघाला की आपल्या मनात 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन येतो, शाळेचे स्नेहसंमेलन येते, फार तर एखादी देशभक्तिपर समूहगीत स्पर्धा येते. कला म्हणजे वेळ चांगला जाण्याचे साधन, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत आपल्या परंपरेतली नाही, असे मी म्हणतो, तेव्हा ते अभिमानापोटी म्हणत नाही. त्याला आधार आहे.

ताटाऐवजी गुरू

कुरुंदवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातील गाव आपल्यापैकी अनेकांनी नृसिंहवाडीला जाता-येता पाहिले असेल. 1872 साली तेथे एका कीर्तनकाराच्या घरी एक मुलगा जन्मला. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि लहान वयातच त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेले. दृष्टी पूर्ववत झाली नाही, शाळेतले शिक्षण खुंटले. अशा मुलाचे पुढे काय होते, हे त्या काळात सर्वांना माहीत होते. कीर्तनकाराचा मुलगा, आवाज बरा, तेव्हा देवळाच्या पायरीवर बसून दोन भजने म्हटली असती आणि लोकांनी पै-पैसा टाकला असता. तसे घडले नाही, कारण मिरजेत कोणीतरी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली केले आणि संस्थानाने त्याच्या शिक्षणाला आश्रय दिला. बुवांची तालीम किती कठोर होती, याच्या कथा संगीतक्षेत्रात प्रसिद्ध आहेत. मुलाला नीट दिसत नाही म्हणून त्यांनी एक पलटा कमी घोटून घेतला असेल, असे मला वाटत नाही. 1896 मध्ये मिरज सोडून बाहेर पडलेल्या त्या तरुणाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. ज्या गायनकलेकडे सभ्य घरे पाठ फिरवीत होती, ती त्यांनी मध्यमवर्गीय माणसाच्या दिवाणखान्यात आणली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे त्यांचे शिष्य. आपल्या मुली आज हार्मोनियम घेऊन संगीताच्या परीक्षेला बसतात, त्यामागे कुरुंदवाडच्या त्या मुलाचे ऋण आहे. आपण त्यांचे नाव घेतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा उल्लेखसुद्धा करीत नाही. मला तर तो त्यांच्या यशाचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडच्या, पण आपल्या गाण्याशी एकजीव असलेल्या गदगचे. आजच्या हावेरी जिल्ह्यातील एका खेड्यात 1892 साली एक जन्मांध मुलगा जन्मला. त्याचा भाऊही जन्मांधच. हानगलच्या मठाचे कुमारस्वामी यांच्या कानावर या दोघा भावांचे गाणे पडले. स्वामींच्या मठात अन्नछत्र होते. दोन मुलांना आयुष्यभर दोन वेळचे जेवण घालणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. त्यांनी त्यांना संगीत शिकायला पाठवले. त्यांपैकी धाकटे पुढे पंचाक्षरी गवई म्हणून विख्यात झाले. कर्नाटक आणि हिंदुस्थानी या दोन्ही पद्धतींवर त्यांनी प्रभुत्व मिळवले आणि दृष्टिहीन, अनाथ व गरीब मुलांसाठी एक फिरती संगीतशाळा उभी केली. हीच पुढे गदगला स्थिरावलेली वीरेश्वर पुण्याश्रम ही संस्था.

या आश्रमाचा मी जो थोडाबहुत अभ्यास केला आहे, त्यातील दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली खर्चाची. एवढ्या मुलांना अन्न, वस्त्र आणि विद्या मोफत द्यायची, तर पैसा कुठून येणार? पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर आश्रमाची धुरा वाहणारे त्यांचे दृष्टिहीन शिष्य पुट्टराज गवई यांनी त्यासाठी नाटक कंपनी चालवली. गावोगाव मुक्काम, तंबू, रात्रीचे खेळ, तिकीटविक्री. त्या काळच्या नाटक कंपन्यांचा धंदा किती बेभरवशाचा होता, हे आपल्या बालगंधर्वांच्या चरित्रावरून आपण जाणतो. देणगीची पावती पुस्तके छापणे सोपे होते, तरीही त्यांनी कलेच्याच बळावर कलेची शाळा जगवली. पुट्टराज गवई स्वतः नाटके लिहीत, अनेक वाद्ये वाजवीत. 2010 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी शहाण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य संपवून ते गेले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. किराणा, ग्वाल्हेर अशा अनेक गायकींचे भांडार असलेले बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी गवईंचे शिष्य. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ज्यांच्या गायनासाठी आपण थंडीत घोंगडी पांघरून बसतो, ते पं. व्यंकटेश कुमार लहानपणी याच आश्रमात दाखल झाले आणि दहा-बारा वर्षे पुट्टराज गवईंपाशी राहून शिकले. हे दोघेही डोळस. म्हणजे येथे डोळस शिष्य दृष्टिहीन गुरूच्या पायाशी बसले आहेत. देणारा हात कोणाचा आणि घेणारा कोणाचा? सेवाकार्याच्या आपल्या अहवालात 'लाभार्थी' नावाचा एक रकाना असतो. पुण्याश्रमाच्या बाबतीत त्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे? माझ्या मते आपले, रसिकांचे लिहावे लागेल.

ही दोन्ही उदाहरणे सांगताना मला एक भान ठेवले पाहिजे. आपली परंपरा म्हणजे केवळ मिरज आणि गदग नव्हे. गळ्यात पेटी अडकवून लोकलच्या डब्यात गाणारा दृष्टिहीन माणूसही आपल्याच परंपरेचा वारस आहे. त्याचा स्वर कधीकधी इतका खरा असतो की, उतरायचे स्थानक आले तरी पाय निघत नाही. पण आपण नाणे टाकतो आणि उतरतो. मिरजेच्या मुलात आणि त्याच्यात गुणाचे अंतर असेलही, पण पहिले अंतर गुरू मिळाला आणि मिळाला नाही, हे आहे. शिवाय, ज्याच्या वाट्याला हे आले ते त्याच्या पूर्वकर्माने आले, असे म्हणून हात झटकणारी जीभही आपल्याच घरात आहे. तिला सुशिक्षित घरांतही मी बोलताना ऐकले आहे. तिला धर्माचा आधार आहे असे समजणाऱ्यांनी हानगलच्या स्वामींकडे एकवार पाहावे.

दोन वर्षे काहीच घडले नाही

आतापर्यंतची उदाहरणे गायनाची आणि दृष्टिहीनांची आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांचे नाव त्यांत घालता येईल. जन्मतः एक डोळा निकामी, दुसरा अधू. तशा दृष्टीने त्यांनी 1946-47 मध्ये तेथील हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवले. 1957 मध्ये शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर ते शिकवीत राहिले, कागद कापून चित्रे करीत राहिले, आणि 1972 साली कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशांचे मोठे भित्तिशिल्प उभे केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर काढलेला लघुपट जरूर पाहावा. तरीही हे सारे असामान्य बुद्धीचे लोक झाले. येथे बसलेल्या पालकांपैकी अनेकांचा प्रश्न निराळा आहे, तो मला आधीच विचारला गेला आहे: "आमच्या मुलाला बोलताच येत नाही, त्याला समजतेच किती, हे आम्हांला माहीत नाही. त्याने काय करायचे?"

या प्रश्नाला आपल्या परंपरेत सोपे उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला गावाने सांभाळले, कधी वेडा म्हणून हसले, पण त्याच्या हाती कुंचला दिल्याचे उदाहरण मला सापडत नाही. म्हणून थोडे दूर, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड शहरात जावे लागते. चांगली गोष्ट कोठेही असली तरी ती घ्यावी.

1970 च्या दशकात तेथे मोठमोठी बंदिस्त आश्रयगृहे हळूहळू रिकामी केली जात होती. त्यांतून बाहेर पडणाऱ्या माणसांनी दिवसभर करायचे काय, हा प्रश्न होता. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ या चित्रकर्ती आणि त्यांचे मानसशास्त्रज्ञ पती इलियास कॅट्झ या दांपत्याने 1974 साली स्वतःच्या घराच्या मोटारखान्यात काही जणांना बोलावले आणि रंग, कागद, माती समोर ठेवली. 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या संस्थेचा हा प्रारंभ. तेथे धडे दिले जात नाहीत, गुण दिले जात नाहीत. मार्गदर्शन करणारे स्वतः काम करणारे कलावंत असतात. ते साधने पुरवतात, तंत्र दाखवतात आणि बाजूला होतात. जे तयार होते ते संस्थेच्या कलादालनात मांडले जाते आणि विकले गेले तर कलावंताला त्याचा वाटा मिळतो.

1943 साली जन्मलेली ज्युडिथ स्कॉट ही जुळ्या बहिणींपैकी एक. तिला डाउन सिंड्रोम होता, आणि ती ऐकू शकत नव्हती. परंतु हे दुसरे कोणाच्या लक्षातच आले नाही. ऐकू न येणाऱ्या मुलीला प्रश्न विचारून तिची बुद्धी मोजली गेली आणि सातव्या वर्षी तिला आश्रयगृहात ठेवण्यात आले. त्या भिंतींआड तिची पस्तीस वर्षे गेली. 1980 च्या दशकाच्या मध्यास तिची जुळी बहीण जॉइस हिने कायदेशीर पालकत्व मिळवून तिला आपल्याकडे आणले आणि 1987 साली 'क्रिएटिव्ह ग्रोथ'मध्ये घातले. पुढची जवळजवळ दोन वर्षे काहीच घडले नाही. रंगांत तिला रस नव्हता. ती काही वेळ रेघोट्या ओढी आणि थांबे. कार्यकर्त्यांनो, येथे क्षणभर थांबा. आपल्या प्रकल्पात एखादा मुलगा दोन वर्षे येतो आणि काहीच करीत नाही. वार्षिक अहवालात आपण काय लिहिले असते? बैठकीत कोणीतरी विचारलेच असते की, ही जागा दुसऱ्या एखाद्या होतकरू मुलाला का देऊ नये?

तेथे कोणी तिला काढले नाही. एके दिवशी धागाकामाच्या वर्गात ती बसली आणि तिच्या हातात लोकर आली. त्यानंतर ती थांबली नाही. खुर्ची, सायकलचे चाक, छत्री, जे हाताला लागेल ते ती धाग्यांनी गुंडाळी. थरावर थर, गाठीवर गाठ, आठवडेच्या आठवडे. आतली वस्तू दिसेनाशी होई आणि बाहेर एक अपूर्व आकार उभा राही. काम पुरे झाले की ती ते दूर सारी आणि पुढचे हाती घेई. केव्हा पुरे झाले, हे तिला नेमके कळत असे. ती खूण चांगल्या कलावंताची आहे. 2005 मध्ये ती वारली. 2014 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'क्रिएटिव्ह ग्रोथ'च्या कलावंतांच्या कृती विकत घेऊन 2024 मध्ये त्यांचे प्रदर्शन केले. दयेपोटी कोणते संग्रहालय भिंत देत नाही.

तिच्यासारखी दुसरी मिळेल, असे मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. त्या मोटारखान्यापासून आजपर्यंत तेथे आलेल्या बहुतेकांची नावे जगाला माहीत नाहीत. ते येतात, काम करतात, जेवतात, काम करतात, घरी जातात. तेवढेही पुरे आहे, कारण आपल्यालाही बाकी आयुष्यात तेवढेच हवे असते.

आपल्या महाराष्ट्रातही अशा वाटेने चालणारे आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनातून निघालेले 'स्वरानंदवन' अनेकांनी ऐकले असेल. कुष्ठमुक्त, दृष्टिहीन, अस्थिव्यंग असलेले कलावंत एका वाद्यवृंदात उभे राहतात. 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधील मराठी पाक्षिक 2008 पासून चालवणारे स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन नटांना घेऊन रंगभूमीवर नाटके आणली. त्यांतील 'अपूर्व मेघदूत'च्या प्रयोगांची चर्चा झाली. शेजारच्या गोव्यात जानेवारी 2023 मध्ये पणजीला पहिला 'पर्पल फेस्ट' भरला, पुढल्या वर्षी तो आंतरराष्ट्रीय झाला. उत्सवाचे मी स्वागतच करतो. मात्र उत्सव तीन दिवसांचा आणि उरलेले दिवस तीनशे बासष्ट. आपण कार्यकर्त्यांनी विचार करायचा तो त्या उरलेल्या दिवसांचा.

कायद्याविषयी थोडक्यात. भारताने 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क संहितेला मान्यता दिली. तिच्या तिसाव्या कलमाचा आशय असा की, दिव्यांगांच्या कलागुणांचा विकास त्यांच्या एकट्याच्या हितासाठी करायचा नाही, समाजाच्या समृद्धीसाठीही करायचा आहे. गदगच्या पंचाक्षरी गवईंना हे कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती, पण आता ते आंतरराष्ट्रीय करारात आले हे बरे झाले. त्यानंतर आपला 2016 चा दिव्यांगजन अधिकार अधिनियम आला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस झाले आणि एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवनासाठी आहे: दिव्यांग कलावंत-लेखकांना साहाय्य, कलावर्गांत आणि नृत्यवर्गांत सहभाग, अभ्यासक्रमांची फेररचना. हे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य म्हटले आहे. आपल्या नगरपालिकेत जाऊन या कलमाविषयी विचारा. तेथील लिपिक बहुधा चहा मागवतील. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द 2015 नंतर रूढ झाला. शब्द चांगला आहे, पण शब्द बदलल्याने बसण्याची जागा आपोआप बदलत नाही.

शनिवारचा वर्ग

त्या तबल्याच्या प्रसंगानंतर आम्ही पाच-सहा जणांनी एक शनिवारचा वर्ग सुरू केला. दुपारी चार ते सहा, एका शाळेच्या हॉलमध्ये. त्यात दिव्यांग मुले येतात आणि त्यांची डोळस, चालती-बोलती भावंडेही येतात. ही अट आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली. तबल्याला एक खरे शिक्षक मिळाले, जे चुकल्यावर रागावतात. त्या मुलाला ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझी तिहाई कच्ची आहे, पुन्हा कर." मुलगा चक्क हसला. पुढचे चार महिने त्याने त्या एका तिहाईवर घालवले.

आम्ही पुष्कळ चुका केल्या. नाटक बसवताना दृष्टिहीन मुलांना जागा कळावी म्हणून आम्ही हात धरून त्यांना उभे करीत असू. एका मुलीनेच सुचवले की, रंगमंचाच्या कडेला काथ्याची पट्टी अंथरा, पायाला कळेल. तेव्हापासून पट्टी आहे आणि हात धरणे बंद आहे. चाकाच्या खुर्चीवरील एका मुलीला घेऊन आम्ही एका नाट्यगृहात प्रयोगाला गेलो. प्रेक्षागृहात जायला उतार होता, रंगमंचावर जायला मात्र सात पायऱ्या. प्रेक्षक म्हणून ती येईल, हे बांधणाऱ्यांना सुचले होते. कलावंत म्हणून येईल, हे कोणाच्या कल्पनेतच नव्हते. चौघा कार्यकर्त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेले आणि एकाने त्याचे छायाचित्र काढले. प्रयोगानंतर ती रडली. आम्हांला वाटले आनंदाने. तिच्या आईने सांगितले, "दादा, वयात आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर असे उचलतात का?" त्यानंतर जेथे उतार नाही तेथे आम्ही प्रयोग करीत नाही. त्यामुळे प्रयोग कमी होतात.

आणखी एक प्रसंग सांगायचा आहे, लेझमीचा. वर्गात दोन कर्णबधिर भाऊ येतात. त्यांना लेझीम शिकायची होती. सुरुवातीला ढोल हॉलच्या लाकडी चौथऱ्यावर ठेवून वाजवला, म्हणजे ठेका तळपायातून कळतो. सहा महिन्यांत हात तयार झाले. पण मैदानात गेलो तर जमेना. माती ठेका पोचवत नाही. मग ढोलवाल्याची टिपरी डोळ्यांसमोर हवी, असे ठरले. ढोलवाला पुढे, उलट्या तोंडाने चालणारा, आणि त्याचा हात खांद्याच्या वर उचललेला. पखवाड्याभरात त्याचा खांदा धरला, तो भाग वेगळा.

गणेशोत्सवात मंडळाच्या मिरवणुकीत आमचे पथक जाणार होते. वीस मुले, त्यांत हे दोघे. मंडळाचे एक उत्साही कार्यकर्ते फलक रंगवून घेऊन आले: 'मूकबधिर मुलांचे लेझीम पथक'. हेतू वाईट नव्हता. लोक थांबून पाहतील, वर्गाला चार देणग्या मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. आमच्यातही दोन मते झाली. भाड्याचे पैसे थकले होते, हे मी लपवत नाही. त्या मुलांची आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, मंडळाच्या नावाची पाटी लावा. माझ्या पोरांच्या कानांची पाटी नको." फलक परत गेला.

मिरवणूक मुख्य चौकात आली तेव्हा गर्दीत ढोलवाला जरा बाजूला ढकलला गेला, आणि धाकट्याचे एक पाऊल पुढे पडले. रांग विस्कटली. कडेला उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ ओरडला, "अरे ए, ताल सांभाळ की जरा!" मुलाला ते ऐकू आले नाही, पण रोखलेले बोट दिसले. त्याने मोठ्या भावाकडे पाहिले, पाऊल मागे घेतले आणि रांग जुळवली. मी घाबरून त्याच्या आईकडे पाहिले. त्या गृहस्थाला काही सांगावे, असे मनात होते. तिने मला हाताने थांबवले. ती हसत होती. नंतर म्हणाली, "दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला दुसऱ्यांच्या पोरांसारखं रागावलं."

पालकांचा शेवटचा प्रश्न पैशाचा असतो. कलेने पोट भरेल का? बहुतेकांचे भरणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. डोळस, धडधाकट कलावंतांपैकी तरी कितींचे भरते? हाताला काम शिकवणे थांबवू नका. शनिवारचे दोन तास त्यातून वेगळे काढा. आणि आमच्यामागे मुलाचे कसे होणार, हा जो प्रश्न तुम्ही ओठांवर आणत नाही, त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. एवढे पाहिले आहे की, ज्या मुलाला वीस माणसे त्याच्या नावाने आणि त्याच्या चुकांसकट ओळखतात, तो न आल्यास चौकशीला कोणीतरी घरी जाते.

कार्यकर्त्यांकडे मात्र मागणे आहे. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात आमच्या वर्गाला बोलावू नका. बोलवायचेच असेल तर सहा महिने आधी सांगा, तालीम पाहायला या, आणि कार्यक्रम कच्चा वाटला तर नाही म्हणा. गाण्याच्या मैफलीत आपण कान देऊन ऐकतो, तसे ऐका. ज्यांना चित्र, नृत्य, सुतारकाम, शिवण, काहीही खरोखर येते त्यांनी शनिवारचे दोन तास द्यावेत. किमान दोन वर्षे देता येणार असतील तरच यावे. एकदाच येऊन खाऊ वाटून जाणाऱ्यांची आम्हांला गरज नाही. मुलांनाही ते आवडत नाही.

पखवाज शिकवणारा अजून मिळालेला नाही. दोन मुलांना आणायला-सोडायला एक रिक्षा हवी आहे, आईंना कामावरून तेवढ्या वेळात येता येत नाही. हॉलची किल्ली शाळेच्या शिपायांकडे असते, ते पावणेचारला येतात. तो तबल्याचा मुलगा आता कॉलेजात आहे आणि लहान मुलांना पहिले बोल तोच शिकवतो. आपल्यापैकी कोणाची मुले शिकायला येणार असतील तर पाठवा. मात्र तो रागावतो, हे आधी सांगून ठेवतो.